नखातला पाहुणा

छावणीच्या बाजारामागं गोजरबाईचं घर, आणि घराच्या पाठीमागं पत्र्याची शेड. चैत्रापासून ज्येष्ठ सरेपर्यंत त्या शेडमध्ये लोणचं घातलं जातं, आणि तिथं एक शब्द तोंडातून काढायचा नाही असा कायदा आहे. तो शब्द म्हणजे बुरशी. एखाद्या बरणीवर पांढरं आलंच तर बायका एवढंच म्हणायच्या, पाहुणा आलाय. मग ती बरणी गुपचूप बाजूला व्हायची. हा कायदा गोजरबाईच्या सासूनं केला. नाव घेतलं की ती येते, असं म्हातारीचं म्हणणं होतं. गोजरबाईला ते काही पटायचं नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना मागून कुणी बुरशी म्हणून हाक मारली तर ते गिऱ्हाईक परत फिरकणार नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून सासू गेल्यावरही कायदा राहिला. तीस वर्षांत तिच्या बरणीवर पाहुणा तीनदा आला होता आणि तिन्ही सालं तिला तोंडपाठ होती.

शेडमध्ये बाया तीन. एक गोजरबाई स्वतः, दुसरी तिची सून सुरेखा, आणि तिसरी हंगामापुरती येणारी कडूबाई. कैऱ्या लासूर स्टेशनच्या बाजारातून यायच्या. त्या फोडायचं काम कडूबाईचं. मोहरी-मेथी भाजायची, कुटायची, तेल कडवून थंड करायचं, हे सुरेखाचं. आणि सगळं परातीत पडलं की हात घालायचा तो गोजरबाईनं, दुसऱ्या कुणी नाही. फोडीला मीठ पुरतं लागलं का, तेल खालपर्यंत गेलं का, हे ती चाखून पाहायची नाही, बोटांनी सांगायची. तुमच्या हाताला चव आहे, असं लोक म्हणायचे. तीस वर्षं तेच ऐकल्यावर बाईला ते खरं वाटायला लागलं होतं. वाटणारच. तुम्हाला-मला वाटलं नसतं का? सुरेखाचा नवरा इंद्रजीत वाळूजच्या कंपनीची बस चालवतो. त्याच्याशी लग्न होऊन ती या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्या अकरा वर्षांत तिनं त्या परातीला हात लावला तो फक्त घासायला.

आता लोणच्याच्या घरात सगळ्यांचीच नखं पिवळी असतात. हळद अशी मुरते की दसऱ्यापर्यंत हटत नाही. त्यामुळं गोजरबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, तिच्याही नाही. संक्रांतीला मात्र सुरेखाची नखं पांढरी झाली, कडूबाईची झाली, हिचा अंगठा तसाच. मग तिनं नीट पाहिलं. नख जाड झालं होतं, एका कडेनं उचललं होतं, आणि त्या कडेखालून जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा भुगा पडत होता.

गोजरबाई घाबरली. दुखत काही नव्हतं, पण पांढऱ्या भुग्याचं नाव तिला चांगलं माहीत होतं. ज्या हातानं लोणचं कालवायचं त्याच हाताला ते? हे बाहेर कळलं तर लोक आपलं लोणचं फुकट दिलं तरी घेणार नाहीत. आणि घरात कळलं तर आपल्याला परातीजवळ बसू देणार नाहीत. दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती, हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. तिनं मूग गिळले. लिंबू चोळून झालं, चुना लावून झाला. मेडिकलवाल्याकडून नायट्याची म्हणून एक ट्यूब आणली, ती संपवली, दुसरी आणली. काही उपयोग होईना, तेव्हा नख झाकायला मेंदी लावायला लागली. साठीला टेकलेली बाई दर पंधरा दिवसांनी मेंदी कशाला लावते म्हणून शेजारणी चेष्टा करायच्या. ही हसून दाखवायची.

पाडव्याच्या सुमाराला घरापुरत्या चार कैऱ्यांना मीठ चोळताना ते नखाखाली शिरलं आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. हंगाम तोंडावर आला होता. मग मात्र तिनं मनाचा हिय्या केला, बँकेत जाऊन येते म्हणून सांगितलं आणि औरंगपुऱ्यात चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. डॉ. विशाखा साळवे, चाळिशीच्या आतली बाई, बोलायला फटकळ.

जायच्या आधी गोजरबाईनं काय करावं? डॉक्टरकडं घाणेरडा हात घेऊन कसं जायचं, म्हणून ते नख मुळापर्यंत कापलं. तुरटीनं घासलं, वज्रीनं घासलं, मेंदीचा उरलासुरला रंग लिंबानं काढला, आणि वर ट्यूब फासली. आपल्याकडं पाहुण्यांकडं जाताना माणूस जसं आवरून जातं, तशी ही नख आवरून गेली.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा दिव्याखाली धरला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "आजी, या नखात माझ्यासाठी काही ठेवलंच नाही तुम्ही."

मग त्यांनी चपला काढायला सांगितल्या. गोजरबाईला ते मुळीच आवडलं नाही. आजार हाताला आणि ही पाय कसले बघते? पण काढल्या. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं कित्येक वर्षांपासून जाड आणि मातकट झाली होती, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या. हे तिला वयाचं वाटत होतं. नखं कशानं कापता, असं बाईंनी विचारलं. घरात एक नेलकटर, आरशाशेजारी खिळ्याला अडकवलेलं, सगळे त्यानंच कापतात. आधी पायाची का आधी हाताची? आधी पायाची, कारण वाकायचं काम आधी उरकून घ्यावं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बहुतेक पायातून हातात आलंय, असं त्या म्हणाल्या.

बहुतेक का, खात्रीनं का नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं. नख जाड आणि पिवळं झालं म्हणजे बुरशीच असते असं नाही. मार लागून होतं, सतत पाण्यात हात राहून होतं, सोरायसिस म्हणून एक चामडीचा आजार आहे त्यात नख हुबेहूब असंच दिसतं. बुरशीच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, त्या लिव्हरला सोसतात का ते रक्त तपासून बघावं लागतं. नुसत्या अंदाजावर त्या मी कुणाला देत नाही. असं म्हणून त्यांनी नखाखालून जे काही मिळालं ते खरवडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. बुरशी हा शब्द त्यांनी दहा मिनिटांत सातदा उच्चारला, आणि सातही वेळा गोजरबाईनं दाराकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेचं सांगून गेली तेव्हा कळलं, काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई बजावून बजावून सांगत होत्या की सापडली नाही म्हणजे नाही असं होत नाही, तुम्ही सगळं कापून, घासून, औषध लावून आलात. आता महिनाभर ते नख कापू नका, मेंदी नाही, ट्यूब नाही, लिंबू नाही, आणि मग या. तोवर खाण्याच्या वस्तूत तो हात घालायचा असेल तर हातमोजा घाला. गोजरबाईनं या सगळ्यातून दोन शब्द उचलले, सापडली नाही. बाकीचं तिथंच दवाखान्यात ठेवून आली. वाटेत तिनं जिलबी घेतली आणि घरी सगळ्यांना वाटली. बँकेत जाऊन जिलबी कशाची, असं इंद्रजीतनं विचारलं तर व्याज लागलं म्हणाली.

रबरी मोजा तिनं एकदा घालून पाहिला, नाही असं नाही. पण रेनकोट घालून आंघोळ करावी तसं वाटलं. फोड कळेना, मीठ कळेना. मोजा ट्रंकेत गेला.

पहिली परात दहा किलोची होती. गोजरबाईनं नख पुन्हा कापता येईल तेवढं कापलं, एक उचललेली कड राहिली, आणि हात घातला. तिखट आत शिरलं तशी ती दातावर दात धरून कालवत राहिली. डोळ्याला पाणी आलं ते मोहरीच्या झणक्यावर खपलं. कालवून झालं, हात धुतला, आणि पदराला पुसताना पाहते तर उचललेल्या कडेचा एक तुकडा जागेवर नव्हता.

सुरेखा आणि कडूबाई पुढं चहा पीत होत्या. हिनं चमचा घेतला आणि परात एका कडेनं चाळायला लागली. मेथीचा दाणा, कोयीची कपची आणि नखाचा तुकडा, हळदीत बुडाल्यावर तिन्ही सारखीच दिसतात. अर्धा तास ती एकेक फोड उलटी करून पाहत होती. सापडला नाही. खोटं कशाला सांगा, बरणी भरून टाकावी असं तिच्या मनात आलं. वरून तेल ओतलं की संपलं, कोण बघतंय? तिनं एक बरणी जवळ ओढलीसुद्धा. मग ती बरणी तिनं परत फळीवर ठेवली. लोकांच्या ताटात आपलं नख जाईल, हे तिला सहन होईना.

दोघी परत आल्या तेव्हा तिनं सांगितलं, चाखलं मी, मीठ जास्त झालंय, सगळं टाकून द्या.

कडूबाईच्या हातातला अडकित्ता हातातच राहिला. तीस वर्षांत गोजरबाईचं मीठ चुकलं नव्हतं. मागच्या आवारात खड्डा करून दहा किलो लोणचं पुरलं. पुरायच्या आधी सुरेखानं एक फोड तोंडात टाकली. सासूकडं एकदा पाहिलं आणि फावडं उचललं.

दुसऱ्या दिवसापासून गोजरबाईचा खांदा दुखायला लागला. म्हणजे दुखत नव्हता, दुखतो असं सांगायला लागली. आता डॉक्टरीणबाईंचं तिथंच ठेवून आलेलं सगळं बोलणं तिला आठवलं. नख वाढवायचं तर परातीत हात घालता येत नाही, आणि परात तर थांबत नाही, कैऱ्या पिकायला लागतात. दुसरा उपाय नव्हता. सुरेखाला म्हणाली, खांदा बरा होईस्तोवर तू कालव, मी इथं बसून मीठ-मोहरी सांगते.

आणि बसून तिनं जे सांगितलं, बाप रे. वरवर नको फिरवू, खालून उचल. आटा मळतीस का लोणचं कालवतीस? बोटं पसर, मूठ नको करू. सुरेखानं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी डोळे परातीतच ठेवून म्हणाली, "आत्याबाई, खांदा दुखतोय ना, मग बोलायचे कष्ट कशाला घेता?" कडूबाई तोंडाला पदर लावून हसली. गोजरबाईला झोंबलं ते झोंबलंच, पण तिनं बोलणं निम्म्यावर आणलं. अंगठ्याला कापलंय म्हणून चिंधी गुंडाळून ती रोज शेडच्या दारात बसायची. चिंधीत नख वाढत होतं, आणि समोर फळीवर बरण्या भरत होत्या. चाळीस झाल्या. एकीतही तिचा हात नव्हता. रोज संध्याकाळी सुरेखा भरलेल्या बरण्यांशी काहीतरी करत बसायची, तोंडावरच्या फडक्याची, दादऱ्याची, गाठ सोडायची, परत बांधायची. हिला वाटायचं, नवशिकी आहे, धीर नाही.

महिना भरल्यावर गोजरबाई खांद्याचं औषध आणते म्हणून औरंगपुऱ्याला गेली. नख आता बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना मात्र ते बघून बरं वाटलं. आता कसं, म्हणाल्या. त्यांनी नखाची सुटी कड कापली, आणि पार आत, जिथं पिवळं संपून चांगलं नख सुरू होतं तिथून भुगा काढला. पायाच्या नखांतूनही काढला. काचेवर ठेवून वर औषधाचा थेंब टाकला, त्यानं नख विरघळतं आणि बुरशी असेल तर तेवढी मागं राहते. अर्ध्या तासानं त्यांनी गोजरबाईला यंत्राच्या नळीतून बघायला बोलावलं.

तिनं एक डोळा मिटून पाहिलं. फिकट काचेसारख्या धुरकट जागेतून बारीक धागे गेले होते, एकातून एक फुटलेले. तिनं मागं सरून विचारलं, लोणच्यावर येतो तोच का हा? बाई म्हणाल्या, नाही. ती जात वेगळी, ही वेगळी. ही नखावरच जगते, तुमच्या बरणीत हिला काही खायला मिळायचं नाही. पण तरी असल्या नखाचा हात अन्नात घालू नये. नख ठिसूळ होतं, तुकडे गळतात. गोजरबाईनं खाली पाहिलं.

हाताला दीड महिना पुरला असता, पण पायाची नखं आहेत म्हणून गोळ्या तीन महिने, रोज एक, मधे रक्ताची तपासणी. हाताचं आणि पायाचं नेलकटर वेगळं, घरात प्रत्येकाचं वेगळं. बेचक्या कोरड्या ठेवायच्या, जुन्या चपला टाकायच्या. गोळीनं जुनं नख सुधारत नाही, नवं येतं ते चांगलं येतं, आणि नख महिन्याला अर्ध्या गव्हाएवढं वाढतं. म्हणजे अंगठा दिवाळीपर्यंत, पायाला वर्ष किंवा जास्तच. गोळ्या मधेच सोडल्या तर परत पहिल्यापासून. गोजरबाईनं सगळं ऐकलं, आणि या वेळी काहीही तिथं ठेवलं नाही.

रिक्षात तिनं ठरवलं, आता घरात सांगायचं. गोळ्या लपवून किती लपवणार? दारात सुरेखा भेटली, काय म्हणाले डॉक्टर म्हणून विचारलं. गोजरबाईनं तोंड उघडलं, पण तीस वर्षांचा कायदा जिभेवर बसला होता. शब्द काही बाहेर पडेना. "पाहुणा निघाला गं," एवढं म्हणून ती मोरीत पाय धुवायला गेली.

इथं खरी गंमत झाली, आणि ती या घरातच होऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्या घरी सुनेनं चहाचं आधण वाढवलं असतं. सुरेखाच्या मनात मात्र डॉक्टर पार पुसला गेला आणि चाळीस बरण्या उभ्या राहिल्या. पाहुणा निघाला, म्हणजे सासूनं जाताना शेडमध्ये पाहिला. चाळिसांपैकी एकीत. तिच्या हातानं घातलेल्या. ती धावत शेडमध्ये गेली, कडूबाईला हाक मारली, आणि दोघी दादरे सोडायला लागल्या.

गोजरबाई पाय पुसत आली तेव्हा निम्म्या बरण्यांची तोंडं उघडी होती. कडूबाई एक बरणी उजेडाला धरून आत बघत होती, आणि सुरेखा जमिनीवर बसून रडत होती. मुसमुसून नाही, चांगली रडत होती. म्हणत होती, माझ्याच हाताचं झालं, पहिल्यांदा हात लावला आणि नासलं, तुम्ही म्हणत होता तेच खरं.

"कुठली बरणी, आत्याबाई? दाखवा तरी."

अकरा वर्षांत ही पोर गोजरबाईसमोर अशी रडली नव्हती. तिनं चिंधी सोडली आणि अंगठा पुढं केला.

"बरणीत नाय गं. माझ्या नखात हाय. बुरशी. नखाला बुरशी झालीय मला, संक्रांतीपासून."

कडूबाईनं सवयीनं आधी दाराकडं पाहिलं, कुणी गिऱ्हाईक नाही ना म्हणून. मग बरणी खाली ठेवली. शेडमध्ये तो शब्द बोलला गेला होता आणि पत्रे काही कोसळले नव्हते. गोजरबाईनं मग एकदाचं सगळं सांगून टाकलं. मेंदी, बँक, जिलबी, आणि खड्ड्यात पुरलेली ती परात. मीठ बरोबरच होतं, खांदाही बरा होता. कडूबाईला नखाचं काही वाटलं नाही. दहा किलो कैऱ्या मी फोडल्या आणि तुम्ही खोटं बोलून पुरल्या, याचा तिला राग आला. ती तासभर फुगून बसली.

सुरेखानं डोळे पुसले. "मीठ बरोबर हाय हे मला तवाच कळलं होतं. मी चाखलं होतं." थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं, तुमची जीभ गेली. वयानं. तुम्हाला लागंल म्हणून बोलले नाय. तुम्ही सांगितलेलं मीठ मी रोज संध्याकाळी चाखून बघत होते, गुपचूप."

महिनाभर गोजरबाई या पोरीपासून अंगठा लपवत होती, आणि ही पोर तिच्यापासून तिची जीभ. मग तिनं विचारलं, किती बरण्यांत मीठ कमी-जास्त केलंस? सुरेखा म्हणाली, एकीतबी नाय, तुमचं बरोबरच होतं. ते ऐकून तिला जरा बरं वाटलं. पण मग दुसरी गोष्टही लक्षात आली. मीठ तिनं सांगितलं होतं, कालवलं सुरेखानं होतं, आणि चाळीसच्या चाळीस बरण्या स्वच्छ होत्या. मग हाताची चव म्हणतात ती कुठं गेली?

गोळ्या सुरू झाल्या. आरशाशेजारच्या खिळ्याला चार नेलकटर लटकली, चार रंगांची, गोजरबाईची दोन आणि बाकी दोघांचं एकेक. ज्येष्ठ सरला, आषाढ गेला, लोणचं मुरलं. श्रावणात लोक बरण्या न्यायला यायला लागले. छावणीतल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तिथंच फोड तोंडात टाकून म्हटलं, गोजरबाई, तुमच्या हाताला चव ती चवच. गोजरबाईनं मान हलवली. दोन्ही वेळा सुरेखा मागं बरण्या पुसत होती. तिनं ऐकलं आणि बरण्या पुसत राहिली. गोजरबाईनं स्वतःला समजावलं, आता गिऱ्हाइकाला कुठं एवढं रामायण सांगायचं. पण दुसऱ्या वेळेनंतर तिला दुपारची भाकर गेली नाही.

त्याच आठवड्यात पैठणच्या भागूबाई आल्या. पैठणला एसटी स्टँडजवळ त्यांची खानावळ आहे. एकेक पोळीवाली बाई त्यांनी जिभेवर निवडलेली, असं लोक सांगतात. दरवर्षी त्या पहिल्या बसनं यायच्या, दहा बरण्यांतून निवडून सहा न्यायच्या, आणि चांगलं म्हणायचं तर एकच शब्द म्हणायच्या. त्या पाटावर बसल्या. सुरेखानं बशीत लोणचं आणि कोरभर भाकर आणून ठेवली. भागूबाईंनी एक फोड खाल्ली. मग दुसरी खाल्ली, ती कधी खात नव्हत्या.

"गोजरबाई," त्या म्हणाल्या, "दरसाल चांगलंच असतंय. पर ह्या साली हात लई बसलाय तुमचा. तेल पार कोयीला गेलंय."

गोजरबाईचा अंगठा मांडीवर होता. मुळाकडचं अर्धं नख नवं आलं होतं, गुलाबी, पातळ, लेकराच्या नखासारखं. वरचं अर्धं अजून पिवळं. आणखी दोन-अडीच महिन्यांत सगळं नख नवं होईल, मग हात परातीत घालायला कुणाची ना नव्हती. आत्ता मान हलवली असती तर पुढच्या चैत्रात सगळं पहिल्यासारखं झालं असतं, कुणी एका अक्षरानं विचारलं नसतं. तिला हे सगळं दिसत होतं.

"माझा हात नाय ह्यात," ती म्हणाली. "माझ्या नखाला आजार झाला व्हता, डाक्टरीणबाईनं मनाई केली. औंदाच्या सगळ्या बरण्या हिनं कालवल्यात."

भागूबाई हसल्या. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलते. मग गोजरबाईनं अंगठा पुढं करून दाखवला तेव्हा त्यांचं हसू थांबलं. त्यांनी बशीकडं पाहिलं, नखाकडं पाहिलं, परत बशीकडं पाहिलं. तिसरी फोड उचलून सावकाश चावून खाल्ली. पुढं काय म्हणतील ते गोजरबाईला आधीच कळलं होतं, आणि तरी ऐकायचं नव्हतं.

"मग फुडल्या सालीबी हिलाच घालू द्या," भागूबाई म्हणाल्या.

गोजरबाईला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तीस वर्षं जो हात तिचा होता तो असा एका वाक्यात दुसरीच्या अंगाला लागला, आणि त्यात भागूबाईंची काही चूक नव्हती, लोणचं खरंच चांगलं झालं होतं.

भागूबाई मागं वळल्या. गेली दहा-अकरा वर्षं त्या हिच्या हातचं पाणी पीत होत्या आणि तिला सूनबाई म्हणत होत्या. आज त्यांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

सुरेखाच्या हातात पुसायचं फडकं होतं. ती उत्तर द्यायच्या आधी सासूकडं बघायला लागली, परवानगी मागितल्यासारखी.

"माझ्याकडं काय बघतीस," गोजरबाई म्हणाली. "तुला इचारलंय त्यांनी. सांग की."